गरोदरपणातलं बीपी: सातव्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्यापर्यंत काय बघायचं, कधी पळायचं

गरोदर बाईचं बीपी वाढलेलं तिला स्वतःला कळत नाही, सगळा घोळ इथूनच सुरू होतो. ताप आला की अंग तापतं, रक्त कमी असलं की दम लागतो, पण १५०/१०० बीपी असलेली बाई आरामात शेतात कापूस वेचत असते आणि विचारलं तर म्हणते, "मले काय झालं बाप्पा, मी तं चांगली आहो." ती खोटं बोलत नाही, तिला खरंच काही होत नसतं.

मी आशांची गटप्रवर्तक आहे, यवतमाळकडच्या गावांमध्ये फिरते. डॉक्टर नाही, त्यामुळे औषध लिहून देणं माझं काम नाही. पण बीपी मोजणं सुटतं कुठे हे रोज दिसतं. दोन जागी सुटतं. एक, सातव्या महिन्यात ओटी भरली की पोरगी माहेरी जाते, सासरची आशा म्हणते ती गेली, माहेरची म्हणते माझ्याकडे नाव नाही, आणि नेमकं त्याच महिन्यांत बीपी चढायला लागतं. दुसरी जागा म्हणजे डिलिव्हरी झाल्यावर. लेकरू झालं, पेढे वाटले, मग आईचं बीपी कोण बघतं? या दोन जागा सांभाळल्या तर बरंच काही सांभाळलं जातं, म्हणून त्यावर जास्त लिहिते.

आधी आकडे समजून घ्या

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, दोनपैकी एक जरी तिथे पोचला किंवा त्याच्या पुढे गेला तर गरोदर बाईसाठी ते वाढलेलं बीपी. दोन्ही वाढलेच पाहिजेत असं नाही. चार तासांनी पुन्हा मोजून तेवढंच आलं तर पक्कं धरतात. १६०/११० किंवा त्याच्यावर असेल तर मात्र चार तास, उद्या, सोमवार असं काही नाही, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं आणि तसंच असलं तर गाडी बोलवायची.

पाच महिन्यांच्या आत, म्हणजे २० आठवड्यांच्या आधीच बीपी जास्त निघालं तर ते बहुतेक आधीपासूनचं असतं, बाईला माहीत नसतं एवढंच. २० आठवड्यांनंतर वाढलं तर ते गरोदरपणाचं. त्यासोबत लघवीत प्रोटीन जायला लागलं, किंवा लिव्हर, किडनी, प्लेटलेट असं काही बिघडायला लागलं, की डॉक्टर त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात, आणि त्यातून झटके आले तर एक्लॅम्पसिया.

हे होतं कशाने? मूळ वारेत, म्हणजे प्लासेंटात असतं. वारेला रक्त पुरवणाऱ्या नसा सुरुवातीच्या महिन्यांत नीट रुंद झाल्या नाहीत की पुढे वार अशी द्रव्यं सोडते ज्यांनी आईच्या अंगभरच्या रक्तवाहिन्या बिघडतात, बीपी चढतं. म्हणजे सुनेने टेन्शन घेतलं, चिडचिड केली, ग्रहणात बाहेर आली म्हणून हे झालं नाही. घरात हे स्पष्ट सांगावं लागतं, कारण आपल्याकडे बीपी म्हटलं की पहिला ठपका तिच्या स्वभावावर येतो.

एक सवय लावून घ्या, माता-बाल संरक्षण कार्डावरचे बीपीचे मागचे आकडे वाचायची. १००/६०, मग ११०/७०, मग १२४/८०, मग १३६/८८. यातला एकही आकडा १४० नाही पण दिशा बघा की. अशा बाईला महिन्याने नाही, आठवड्याने बोलवायचं. आणि ज्या कार्डावर पाचही महिने ११०/७० च लिहिलंय, त्याच पेनाने, त्याच अक्षरात, तिथे मला शंका येते. बीपी असं पाच महिने एका जागी बसत नाही हो. असं कार्ड दिसलं की मी सरळ बीपीचा पट्टा काढते.

मोजायचं कसं, हे सविस्तर सांगते कारण इथे सगळे घाई करतात

बाई उन्हातून दोन किलोमीटर चालत येते, येता येता खर्रा (सुपारी-तंबाखू) तोंडात, लाइनीत उभी, नंबर लागला की घाईत स्टुलावर बसते, पाय लोंबकळतात, हात तिचा तिनेच हवेत धरलेला, पट्टा ब्लाउजच्या बाहीवर गुंडाळलेला, आणि मशीन चालू असताना मागून सासू विचारते, "किती आहे वो?" आणि ही मान वळवून सासूला उत्तर देते. हा आकडा कार्डावर गेला तर तो कोणाच्या कामाचा? त्यापेक्षा असं करा:

लघवीला जाऊन येऊ द्या. मग पाच मिनिटं खुर्चीवर पाठ टेकवून बसवा, तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले, पायावर पाय नाही. अर्ध्या तासात चहा, खर्रा, तंबाखू, नस म्हणजे तपकीर, काही घेतलेलं नसावं, घेतलं असेल तर थांबा. बाही वर जात नसेल, घट्ट असेल तर पदराआड हात बाहीतून काढायला सांगा, उघड्या दंडावर पट्टा बांधा, दोन बोटं आत जातील एवढा. हात टेबलावर, छातीच्या पातळीत. मोजताना कोणी बोलायचं नाही, तिनेही नाही आणि सासूनेही नाही. जास्त आलं तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, छोट्या पट्ट्याने उगाच जास्त दाखवतं.

घरी मशीन घ्यायची असेल तर दंडावर बांधायची घ्या, मनगटाची नको. आणि घेतली की एकदा पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नेऊन सिस्टरच्या मशीनसोबत ताडून बघा, कारण काही डिजिटल मशीनी नेमक्या याच आजारात कमी आकडा दाखवतात. घरचं मशीन १३० दाखवतंय आणि डोकं फुटल्यासारखं दुखतंय, तर मशीनवर नाही, डोक्यावर विश्वास ठेवा.

कोणाकडे जास्त लक्ष

पहिलटकरीण, वय फार कमी किंवा पस्तिशीच्या पुढे, जुळं, आधीच्या खेपेला बीपी वाढलेलं, आईला किंवा बहिणीला गरोदरपणात झटके आलेले, शुगर, किडनीचं दुखणं, वजन जास्त, दोन लेकरांत दहा वर्षांचं अंतर. आपल्या विदर्भात यात सिकलसेल धरायलाच पाहिजे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, मेळघाट, सगळीकडे आहे. सिकलसेलचा त्रास असलेल्या बाईचं बीपी एरवी इतरांपेक्षा कमी असतं, त्यामुळे तिचं १३०/८० झालं तरी डॉक्टरच्या कानावर घाला, १४० ची वाट बघू नका.

पहिल्या महिन्यांत करायचं ते

नोंदणी १२ आठवड्यांच्या आत करा. लाज म्हणून, नजर लागेल म्हणून चौथ्या महिन्यापर्यंत लपवून ठेवतात, त्यात आपलंच नुकसान, कारण सुरुवातीचं बीपी माहीत असलं तरच पुढे वाढलं की नाही हे सांगता येतं. दुसरं म्हणजे, जास्त धोक्याच्या बायांना डॉक्टर कमी डोसची ॲस्पिरिन रोज घ्यायला देतात, ती १२ आठवड्यांनंतर आणि शक्यतो १६ आठवड्यांच्या आत सुरू झाली तर खरी कामाची. सातव्या महिन्यात आठवण आली तर तिचा तसा उपयोग होत नाही. पण स्वतःच्या मनाने मेडिकलमधून आणून खाऊ नका, ती कोणाला द्यायची हे डॉक्टर ठरवतात.

कॅल्शियमची गोळी चौथ्या महिन्यापासून, दिवसाला दोन, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ही गोळी फक्त हाडांसाठी नाही. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी असतं त्यांच्यात या गोळीने प्रीएक्लॅम्पसियाचा धोका कमी होतो, आणि भाकर, वरण, ठेचा खाणाऱ्या आपल्या बायांच्या जेवणात दूध कितीसं असतं. घरोघरी खाटेखाली या गोळ्यांची पाकिटं पडलेली मी बघते, मोठी गोळी आहे, घशात अडकते म्हणून. अर्धी करून घ्या, जेवणानंतर घ्या. फक्त लाल गोळीसोबत एकत्र नको, दोघींत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही. चुना खाल्ला की कॅल्शियम मिळतं म्हणून सुपारीसोबत चुना चाटणाऱ्या बायाही आहेत, त्यावर मी आता वाद घालत नाही, फक्त गोळीचं पाकीट हातात देते.

मिठाचं विचाराल तर, मीठ बंद केल्याने हा आजार टळत नाही. अळणी जेवण देऊन बाईची भूक मारू नका. लोणचं, पापड, कुरड्या रोज ताटात असतील तर कमी करा, तेवढं पुरे. खर्रा मात्र बंदच, त्यात लेकराचं वजनही कमी भरतं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मातृत्व अभियानाची तपासणी असते, डॉक्टर बघतात, हे २०१६ पासून चालू आहे. निदान तिथे तरी जा. प्रत्येक वेळी तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत: वजन, बीपी, लघवी. लघवी टाळू नका, पट्टी बुडवून दोन मिनिटांत कळतं प्रोटीन आहे का. सुरुवातीची थोडी सोडून मधली लघवी डबीत घ्या, अंगावरून पांढरं जात असेल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर पट्टी चुकीचं दाखवते. आणि आठवड्यात किलोच्या वर वजन वाढलं तर आनंद मानू नका, ते पाणी असू शकतं.

माहेरी जाताना

सातव्या महिन्यात ओटी भरून पोरगी माहेरी निघाली की तिच्यासोबत साडी, चोळी, डिंक, खोबरं सगळं जातं, माता-बाल संरक्षण कार्ड मात्र सासरच्या पेटीत राहतं. तर निघायच्या आधी:

कार्ड, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, सिकलसेलचं कार्ड असेल तर ते, सगळं एका पिशवीत. शिवाय प्रत्येक पानाचा फोटो नवऱ्याच्या आणि भावाच्या, दोघांच्या मोबाइलमध्ये. सासरच्या आशाताईकडून माहेरच्या गावच्या आशाताईचा नंबर घ्या, त्या आपसात काढून देतात. माहेरी पोचल्यावर आठवड्याच्या आत उपकेंद्रात जाऊन बीपी मोजून घ्या आणि त्याच कार्डावर लिहून घ्या, नवीन कोरं कार्ड करून घेऊ नका, नवीन कार्डावर मागचं काहीच दिसत नाही. सातव्या महिन्यानंतर निदान पंधरा दिवसांनी एकदा, नवव्यात दर आठवड्याला बीपी. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर गोळ्या संपायच्या आत पुढच्या आणा, "माहेरी आराम आहे ना, आता कशाला गोळी" हे चालायचं नाही.

माहेर जंगलपट्ट्यात असेल तर अजून एक. पावसाळ्यात गडचिरोलीतली पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ता बंद होतो हे दरवर्षीचं आहे, तसे नाले सगळीकडे आहेत. जुलै-ऑगस्टची तारीख असेल आणि बीपी वाढलेलं असेल तर तारखेच्या बऱ्याच आधी दवाखान्याजवळ येऊन राहा. आदिवासी भागात काही पीएचसींमध्ये माहेरघर आहे, तिथे सोबतच्या माणसासह राहता येतं, आपल्या पीएचसीत सोय आहे का ते सहाव्या महिन्यातच विचारून ठेवा.

कोणतं दुखणं साधं नाही

पायाला सूज बऱ्याच जणींना येते, संध्याकाळी वाढते, सकाळी उतरते, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं, डोळ्यांखाली फुगलेलं, बांगड्या आणि अंगठी रुतलेली, ही सूज वेगळी. "लेकरू मोठं होऊन रायलं म्हणून सुजली" असं म्हातारी म्हणेल, तिला म्हणू द्या, तुम्ही बीपी मोजा.

डोकं दुखतं आणि थांबत नाही. मे महिन्यात हे फार फसवतं, पारा ४५ च्या आसपास, सगळ्यांचंच डोकं दुखतं, मग ऊन लागलं म्हणून कांदा चोळतात, पन्हं पाजतात. पाजा, काही हरकत नाही, पण बीपी मोजल्याशिवाय ऊन लागलं असं ठरवू नका. डोळ्यांपुढे चमकणं, काजवे दिसणं, अंधारी, एकाचं दोन दिसणं. पोटात वरच्या बाजूला, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि उलटी, याला सगळे ॲसिडिटी म्हणतात आणि सोडा पितात, पण सातव्या महिन्यानंतर हे लिव्हरचं दुखणं असू शकतं. लघवी एकदम कमी. आडवं पडलं की दम. बाळाची हालचाल कमी. पोट दगडासारखं कडक होऊन दुखणं आणि अंगावरून रक्त जाणं, म्हणजे वार सुटत असू शकते. यातलं एकही असलं तर रात्र आहे, नवरा कामावर आहे, सोयाबीन काढायचं आहे, हे काही बघायचं नाही. १०८ किंवा १०२ लावा.

औषधाबद्दल थोडंच

गरोदरपणात चालणाऱ्या बीपीच्या गोळ्या वेगळ्या असतात, लेबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा. सासऱ्याला चालू असलेली टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा एनालाप्रिल तिला देऊ नका, पोटातल्या बाळाच्या किडनीला त्याने इजा होते. एकाच घरात दोन बीपीचे पेशंट असले की "एकच तं आहे" म्हणून पाकीट फिरतं, ते नको. आणि जिला लग्नाआधीपासूनच बीपीची गोळी चालू आहे तिने दिवस राहिले की, जमलं तर त्याआधीच, गोळी बदलून घ्यायची, बंद करून बसायचं नाही.

गोळीने बीपी आटोक्यात राहतं, आजार जात नाही. आजार संपायला लेकरू आणि वार बाहेर यावी लागते, म्हणून डॉक्टर ३७ आठवड्यांना डिलिव्हरी करू म्हणतात, फारच बिघडलं तर त्याच्याही आधी. घरचे म्हणतात दिवस भरले नाहीत, अजून थांबू. डॉक्टरला विचारा, हवं तेवढं विचारा, बाळाच्या फुप्फुसासाठी इंजेक्शन द्यावं लागेल का तेही विचारा, पण मुहूर्तासाठी थांबू नका.

झटके आले तर

हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस, मग अंग झटकायला लागतं. पाचव्या महिन्यानंतर किंवा बाळंतपणानंतर असं झालं तर ते आधी एक्लॅम्पसियाच धरायचं, बाहेरचं नाही, अंगात आलं नाही.

बाजेवर असेल तर पडू देऊ नका, खाली सपाट जागी डाव्या कुशीवर वळवा म्हणजे फेस आणि उलटी बाहेर येते, श्वासात जात नाही. चमचा, बोट, कापड तोंडात काहीही घालू नका. चप्पल, कांदा नाकाला लावू नका. हातपाय दाबून धरू नका. शुद्धीवर आली तरी लगेच पाणी पाजू नका. एकाने १०८ लावायचा आणि फोनवर "गरोदर बाईला झटके आले" असंच सांगायचं, एकाने तिच्याजवळ बसायचं, एकाने कार्डाची पिशवी काढायची. भूमका (गावचा मांत्रिक) किंवा पुजारी यांना बोलवायचं असेल तर बोलवा, पण गाडी दारात आली की गाडीत बसवा, मंत्र पूर्ण व्हायची वाट नाही.

वाटेत पीएचसी लागत असेल तर आधी फोन करून विचारा की मॅगसल्फ आहे का, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. हे झटके थांबवायचं आणि परत येऊ न देण्याचं खरं औषध. पहिला डोस दोन्ही कुल्ल्यांत खोल देतात, फार दुखतं, बाई ओरडते, पण तो घेऊन पुढे जाणं आणि न घेता तासभर गाडीत जाणं यात फार फरक आहे. पुढे कुठे न्यायचं ते आधीच ठरवलेलं बरं, जिथे रक्त, सिझर आणि लहान बाळाचा वॉर्ड तिन्ही आहे: अमरावतीला डफरीन, नागपूरला डागा, मेडिकल किंवा मेयो, वर्धेकडच्यांना सेवाग्रामचं कस्तुरबा, अकोल्याला जिल्हा स्त्री रुग्णालय, गडचिरोलीला महिला व बाल रुग्णालय, यवतमाळ आणि चंद्रपूरला मेडिकल कॉलेज. आणि डिलिव्हरीच्या टेबलावर नवीन सिस्टर असली तरी "हिला बीपी आहे" हे तोंडाने सांगा, कारण रक्तस्राव थांबवायचं मेथर्जिन हे इंजेक्शन बीपीवाल्या बाईला चालत नाही.

बाळंतीण घरी आली, आता

आता दुसरी सुटणारी जागा. लोकांना वाटतं वार पडली, बीपी गेलं. बऱ्याच जणींचं बीपी डिलिव्हरीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातं, म्हणजे नेमकं घरी आल्यावर. झटक्यांचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त, पण पुढे सहा आठवड्यांपर्यंत असतो, आपल्या सव्वा महिन्याएवढा. गरोदरपणात सगळं नॉर्मल असलेल्या बाईचंही बीपी बाळंतपणानंतर पहिल्यांदा वाढू शकतं.

घरी गेल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. या भेटींची मूळ कल्पना आपल्याच गडचिरोलीची, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या नवजात बालकांच्या कामातून आलेली. ती येते, बाळाला झोळीत टाकून तोलते, तापमान बघते. तेव्हाच म्हणायचं, ताई, हिचं बीपी कधी मोजायचं? ताईकडे मशीन नसेल तर उपकेंद्रात न्यायचं. जिला बीपी होतं तिचं तीन दिवसांच्या आत, मग सात ते दहा दिवसांत, मग सहा आठवड्यांनी, एवढं तरी झालंच पाहिजे. बाळंतीण बाहेर पडत नाही, विटाळ आहे, वारं लागेल, असं म्हणतील. डोक्याला रुमाल बांधा, कानात कापूस घाला आणि ऑटोत बसवा.

डोकेदुखी, चमकणं, बरगडीखालचं दुखणं, दम, ही लक्षणं बाळंतिणीलाही तशीच लागू. "रात्रभर लेकरू रडलं, झोप नाही, म्हणून डोकं दुखते" हे खरंही असेल, मोजून बघायला पाच मिनिटं लागतात.

पाणी तोडू नका. कोरडं खा, पाणी कमी पी, पोट सुटेल, हे अजून चालू आहे आणि उन्हाळ्यात तर ते भयंकर. लघवी कमी झाली तर ती पाणी न दिल्याने की किडनीमुळे हे कोणालाच कळणार नाही. गोळ्या चालू असतील तर त्या दूध पाजताना चालणाऱ्या असतात, डॉक्टर कधी कधी गरोदरपणातली बदलून दुसरी देतात. दुधातून बाळाला बाधेल म्हणून आजीने बंद करायची नाही. खोलीत शेगडी, धूर कमी, बाईला झोपू द्या, रात्री एकदा तरी बाळ दुसऱ्याने घ्या.

पुढचं

सहा आठवड्यांनीही बीपी उतरलं नाही तर तपासण्या करून घ्या, बारा आठवड्यांनंतरही राहिलं तर ते आता कायमचं बीपी म्हणून बघतात. उतरलं तरी या बाईला पुढच्या आयुष्यात बीपी आणि हृदयाच्या आजाराचा धोका जास्त, म्हणून वर्षातून एकदा मोजत राहायचं. पाळणा लांबवायला कॉपर टी किंवा छाया गोळी चालते, माला-एन मात्र बीपी असताना घेऊ नये आणि दूध पाजताना पहिले सहा महिनेही नाही. अंतरा इंजेक्शन घ्यायचं असेल तर बीपी किती आहे ते दाखवून विचारा.

दुसऱ्या खेपेला हे परत होऊ शकतं. डिस्चार्ज कार्ड फेकू नका, बीपी कितव्या महिन्यात वाढलं, झटके आले का, बाळ किती वजनाचं झालं, हे त्यात असतं. पाळी चुकली की ते कार्ड घेऊन पहिल्याच तपासणीला जायचं आणि डॉक्टरला विचारायचं, मागच्या वेळी बीपी होतं, मला ॲस्पिरिन सुरू करायची का.